चाळीसचा पट, पस्तीस मिनिटांचा तास: मुलांची कल्पकता रोजच्या वर्गात कशी जपायची

२०२२ चा जून. पाचवीचा वर्ग. परिसर अभ्यासाच्या तासाला मी नेहमीचा प्रश्न विचारला : पूर आल्यास कोणती काळजी घ्याल? चाळीस मुलांकडून जवळजवळ एकच उत्तर आलं. ‘सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावे. अफवांवर विश्वास ठेवू नये.’ ही मुलं कोल्हापूरची, पंचगंगेकाठची. २०१९ आणि २०२१ असे दोन महापूर त्यांनी अंगावर घेतले होते. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर आलं की इशारा आणि ४३ फुटांवर गेलं की धोका, हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ होतं. तरी तोंडून येत होतं ते गाईडमधलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रश्न बदलला. ‘पाणी ४१ फुटांवर आलंय, रात्रीचे दोन वाजलेत. तुमच्या घरातून पहिली कोणती वस्तू हलवाल? का?’ आणि गप्प बसले. कुणी म्हणालं, आधार कार्डं आणि पासबुकं पत्र्याच्या डब्यात. कुणी म्हणालं, कोंबड्या माळ्यावर. मग शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. एरवी ती हजेरीपुरतीच बोलायची. म्हणाली, ‘आदी दावी काढायची, बाई. जनावरं मोकळी होत्यात, आन् दावं हातात आसलं की बाकीचं समदं बांधाया येतंय.’

माझ्या डोक्यात हे उत्तर नव्हतं, पाठ्यपुस्तकातही नव्हतं. आदल्या दिवशी हीच मुलगी याच विषयावर काही बोलली नव्हती. तिच्यात एका रात्रीत काही बदललं नव्हतं, बदलला होता तो माझा प्रश्न. तेव्हापासून मी जे करत आले ते इथं क्रमानं लिहिते आहे. त्यासाठी वेगळा तास, वेगळी खोली, वेगळा निधी लागत नाही. चाळीसच्या पटात आणि पस्तीस मिनिटांत बसेल तेवढंच सांगते.

पहिली पायरी : स्वाध्यायातला एकच प्रश्न बदला

सगळा पाठ नव्यानं रचायला जाऊ नका. तसं केलं की दोन आठवड्यांत दमछाक होते आणि गाडी पुन्हा जुन्या चाकोरीत येते. उद्या जो पाठ घ्यायचा आहे त्याच्या स्वाध्यायातला एक प्रश्न निवडा आणि त्याची अनेक उत्तरं निघतील असा तो फिरवा. बाकीचे प्रश्न आहेत तसेच घ्या.

गणितात हे सगळ्यात सोपं आहे. ‘६ गुणिले ४ किती?’ याऐवजी ‘उत्तर २४ येईल अशी गणितं तयार करा’ असं म्हणा. पाढ्यांशी झगडणारं मूलही २० अधिक ४ लिहितं. पुढं गेलेलं मूल अपूर्णांकापर्यंत पोचतं. प्रत्येकाला आपल्या उंचीची पायरी मिळते आणि तुम्हाला पाच मिनिटांत कळतं की कोण कुठं आहे. जे. पी. गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५० साली आपल्या व्यवसायबंधूंसमोर मांडलं होतं की सर्जनशीलतेकडे अभ्यासकांचं फार दुर्लक्ष झालंय. एकाच उत्तराकडे नेणारा विचार आणि अनेक वाटा फोडणारा विचार हा त्यांनी केलेला फरक वर्गात इतका साधा दिसतो.

विज्ञानाला आपल्याकडे कोल्हापुरी बंधारा आहे. नदीत खांब, खांबांना खाचा, पावसाळा संपला की खाचांत बरगे म्हणजे फळ्या बसवून पाणी अडवायचं आणि पुढचा पाऊस सुरू व्हायच्या आत ते काढायचे. मुलांनी बंधारा पाहिलेला असतो, बऱ्याच जणांनी त्याच्यावरून उड्याही मारलेल्या असतात. ‘बंधाऱ्याचे उपयोग लिहा’ याऐवजी ‘यंदा बरगे काढायचे राहून गेले तर काय काय होईल?’ असं विचारा. पाण्याचा जोर, साचणारा गाळ, वरच्या अंगाचं रान, वाहून येणारी लाकडं, सगळं मुलंच बाहेर काढतात. मग म्हणा, ‘बरगे न काढताही चालेल असा बंधारा काढून दाखवा.’ सहावीतल्या एका मुलानं दारासारखे बिजागऱ्यांवर फिरणारे बरगे काढले होते. तेव्हा राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाज्यांबद्दल बोलता आलं. त्याला कळलं की आपल्याला सुचलं ते खऱ्या अभियंत्यांच्या विचारांच्या वाटेवरचं आहे.

इतिहासात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला, हे मुलं पाठ करतात. ‘दंड न लावता मुलं शाळेत यावीत, यासाठी त्या काळी तुम्ही काय केलं असतं?’ हा प्रश्न घेऊन बघा. आमच्या वर्गात यावर अर्धा तास वाद झाला. ‘पेरणीच्या दिवसांत शाळा सकाळची ठेवायची’ हे एका शेतकऱ्याच्या मुलाचं उत्तर मी अजून विसरले नाही.

दुसरी पायरी : प्रश्न विचारून झाला की थांबा

लिहायला हे एका ओळीत येतं. करायला मला वर्ष लागलं.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात, असं तिला आढळलं. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात, न बोलणारी मुलं बोलू लागतात, आणि मुलं उलट प्रश्नही विचारतात. तीन सेकंद म्हणजे फार नाही. पण समोर दोन हुशार मुलं हात वर करून ‘बाई, मी! बाई, मी!’ करत असतात तेव्हा ते तीन सेकंद तीन मिनिटांसारखे वाटतात.

माझी युक्ती साधी आहे. हात पाठीमागे घेते आणि अंगठ्यानं चार बोटांची पेरं मोजते, एकेका बोटाची तीन. बारा पेरं होईपर्यंत कुणाचंही नाव घ्यायचं नाही. दुसरं, हात वर करायची सवयच थोडी मोडली. ‘आधी वहीत दोन ओळी, मग हात’ असा नियम ठेवला. मागच्या बाकावरच्या मुलाला विचार करायची सवड मिळते आणि पुढच्या बाकावरच्याला पहिलं सुचलेलं ओलांडून दुसऱ्याकडे जायला. पहिलं उत्तर बहुधा ऐकीव असतं. मुलाचं स्वतःचं म्हणावं असं तिसरं-चौथं उत्तर येतं, म्हणून ‘आणखी एक’ हे मागणं सोडू नका.

तिसरी पायरी : उत्तर आल्यावर काय म्हणायचं

आपण सवयीनं ‘शाब्बास’ म्हणतो. प्रेमानं म्हणतो, पण बाकीच्या एकोणचाळीस मुलांना त्याचा अर्थ लागतो की उत्तर मिळालं, विषय संपला. त्याऐवजी मी तीन वाक्यं वापरते. ‘हे तुला कशावरून सुचलं?’ ‘याच्या पुढं कुणी काही जोडेल का?’ ‘याला अडचण कुठं येईल?’ तिसरं वाक्य विचारायचं ते मुलाला पाडण्यासाठी नव्हे, हे मुलांना पहिल्या महिन्यात कळावं लागतं. मी ते आधी माझ्याच कल्पनेला लावून दाखवते.

बक्षिसांबद्दल माझं मत आता पक्कं आहे. चित्र काढलं की चॉकलेट, गोष्ट लिहिली की स्टार, हे बंद करा. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीतल्या, मुळात चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्राबद्दल प्रशस्तिपत्रक मिळेल असं आधीच सांगितलेली मुलं नंतर मोकळ्या वेळात इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. जे स्वतःच्या ओढीनं होत होतं ते मजुरीचं काम झालं. स्पर्धा व्हाव्यात, संमेलन व्हावं, त्याला माझी हरकत नाही. रोजच्या तासात मात्र देवघेव नको.

आता चुकीच्या उत्तराचं काय? मुलाचं मन मोडू नये म्हणून ‘सगळंच बरोबर’ म्हणणं मला मान्य नाही. पंचगंगा अरबी समुद्राला मिळते असं कुणी म्हणालं तर ते चूकच आहे. ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराकडे जाते, हे तिथंच नीट सांगायला हवं. पण ‘पंचगंगा अरबी समुद्राकडे वळवता आली असती तर?’ असं कुणी विचारलं, तर तो वेगळा माल आहे. मधे सह्याद्री उभा आहे, हे त्याला नकाशावर स्वतःच शोधू द्या. मी फळ्याचे दोन भाग करते : डावीकडे ‘असं आहे’, उजवीकडे ‘असं झालं तर’. कोणतं उत्तर कुठं जाईल हे ठरवायचं काम मुलांचं. त्या एका रेघेनं वर्गातली निम्मी भीती गेली.

भाषा सुधारायची घाई नको

ही पायरी कुठल्याच प्रशिक्षणात मला सापडली नाही, म्हणून इथं जरा रेंगाळते.

आपल्या भागात मुलीसुद्धा ‘मी आलो’, ‘मी करतो’ म्हणतात. ‘व्हय’, ‘न्हाई’, ‘लई’, ‘कुटं’ ही वर्गातली रोजची भाषा. नवं काही सुचतं ते आधी घरच्या बोलीतच सुचतं. मूल ते सांगायला उठलं आणि आपण मधेच ‘आलो नाही, आले म्हण’ केलं की सुचलेलं तिथंच विरतं. ते खाली बसतं आणि पुढच्या वेळी गाईडमधलं शुद्ध वाक्य बोलतं. सुरुवातीच्या काळात हे पाप मी भरपूर केलं आहे.

म्हणून क्रम असा : आधी बोलीत सांगू दे, मी फळ्यावर बोलीतच लिहिते, जसंच्या तसं. मग सगळ्यांनी मिळून तेच प्रमाण भाषेत करायचं. यात व्याकरणाचा तासही होतो. घरी कानडी किंवा उर्दू बोलणारी मुलं असतील तर त्यांचा शब्दही फळ्यावर येऊ द्या.

ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आलेल्या टोळ्यांची मुलं काही महिने आपल्या वर्गात बसतात. ती ‘मागे पडलेली’ म्हणून कोपऱ्यात राहतात. एका हिवाळ्यात कार्यानुभवाच्या तासाला मी विचारलं, ‘दोरी किंवा तार न वापरता मोळी बांधता येईल का?’ बाकीची मुलं विचारात पडली. त्या टोळीतल्या एका मुलानं खिडकीबाहेरचं वाढं, म्हणजे उसाचा पाल्याचा शेंडा, उचललं, दोन पात्यांची टोकं एकमेकांत गुंतवून पीळ दिला, आणि त्याचा बंध करून दहा काठ्या आवळून दाखवल्या. मग त्याला सगळ्यांसमोर पुन्हा करायला सांगितलं, अगदी हळू. मुलांनी त्या पिळाची चित्रं वहीत काढली. पीळ दिल्यावर पान ताकदवान का होतं, यावर पुढचे दोन तास गेले.

साधनं कमी द्या

कल्पकतेच्या नावाखाली स्टेशनरीच्या दुकानातून चमकीचे कागद आणि रेडीमेड प्रकल्प आणायला लावणं थांबवू या. त्यात पालकांचे पैसे जातात, आई रात्री जागते आणि मूल दुसऱ्या दिवशी ते फक्त उचलून आणतं. माझ्या वर्गात प्रकल्प घरी न्यायचाच नाही, जे होईल ते शाळेत, मुलाच्या हातानं. सामान म्हणजे जुनी वर्तमानपत्रं, सुतळी, चिंचोके, उसाची चिपाडं, काळी माती, चप्पल बनवणाऱ्यांकडचे कातड्याचे तुकडे. आषाढात बेंदराचे बैल आणि दिवाळीत किल्ले मुलं कुणी न शिकवता करतात. ती माती वर्गात यायला काय हरकत आहे?

सामान कमी असलं की डोकं जास्त चालतं. याच गावात चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी जुना प्रोजेक्टर उघडून, त्याची रचना समजून घेत, स्वतःचा कॅमेरा घडवला. मुलांना ही गोष्ट सांगताना तारखांवर थांबू नका. विचारा, ‘त्यांनी आधी कोणता भाग उघडून पाहिला असेल?’

एक तास सविस्तर सांगते, म्हणजे तसाच घेता येईल. दोन बाकांमधे एक फूट अंतर ठेवायचं. पाच-पाच मुलांचे आठ गट. प्रत्येकाला वर्तमानपत्राची चार पानं आणि हातभर सुतळी. डिंक नाही, चिकटपट्टी नाही. बाकांवर टेकेल असा पूल करायचा आणि त्यावर एकेक वही ठेवत जायचं. पहिली पाच मिनिटं कागदाला हात लावायचा नाही, प्रत्येकानं आपल्या वहीत चित्र काढायचं. हा नियम पाळाच, नाहीतर गटातला दांडगा मुलगा एकटाच सगळं करतो. पुढची पंधरा मिनिटं बांधणी. पाच मिनिटं वह्या. शेवटची दहा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची : कोणता पूल का पडला?

आमच्याकडे पहिल्या वेळी बहुतेकांनी कागद सपाट पसरला आणि दुसऱ्या वहीला तो खाली बसला. एका गटानं कागदाच्या नळ्या वळून सुतळीनं बांधल्या, त्या गडगडल्या. एका मुलीनं पंख्यासारख्या घड्या घातल्या होत्या. तिच्या पुलावर सात वह्या राहिल्या. का, हे तिला सांगता येईना. तेवढ्यात एक मुलगा खिडकीकडे बोट दाखवून म्हणाला, ‘बाई, गोठ्याचा पत्रा! त्यो पण सपाट नसतोय!’ सगळा वर्ग खिडकीशी. पन्हाळी पत्र्याची उभी घडी वजन पेलते, हे मी सांगायच्या आधी त्यांनी पाहिलं. पुढच्या आठवड्यात तोच पूल पुन्हा केला. दुसऱ्यांदा करणं चुकवू नका. पडलेलं सुधारायची संधी दिली नाही तर मुलाच्या लक्षात फक्त पडलेलं राहतं.

गोंगाट होणार. शेजारच्या वर्गाच्या बाईंना आणि मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, बोलावलंत तर आणखी चांगलं. मी हात वर केला की ज्याला दिसेल त्यानं हात वर करायचा आणि गप्प व्हायचं, एवढी एकच खूण मला पुरते.

नोंद कशी ठेवायची

महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे आणि त्यात वर्णनात्मक नोंदी आपण करतोच. पण त्या बहुतेक ‘कल्पक आहे’, ‘उपक्रमात भाग घेतो’ अशा ठरावीक वाक्यांच्या असतात. त्यातून मूल दिसत नाही. मी एक साधी वही ठेवते. रोज फक्त दोन मुलं. चाळीसचा पट महिन्यात एकदा फिरून येतो. मूल कसं आहे यावर शेरा मारायचा नाही, त्यानं काय केलं किंवा काय म्हटलं तेवढंच टिपायचं. उदाहरणार्थ :

‘२४ उत्तर येणारी अकरा गणितं. नववं ४८ भागिले २. त्यानंतर भागाकारच सुरू केला.’

‘पुलाचं चित्र आणि केलेला पूल वेगळा. विचारल्यावर : करताना कळलं, सुतळी पुरणार न्हाई.’

सत्राच्या शेवटी नोंदवहीत लिहायला बसलात की हीच वही उघडा. पालक सभेतही हेच वाचून दाखवा. आपल्या पोराचं वाक्य बाईंनी जपून लिहिलंय, हे ऐकताना बापाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. कल्पकतेला गुण मात्र देऊ नका. दहापैकी सात कल्पक म्हणजे काय, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

पालकांचा एक प्रश्न ठरलेला : ‘बाई, हे शिष्यवृत्तीला येतंय का?’ तो टाळू नका, त्यांची काळजी खरी आहे. मी सांगते की पाढे, शुद्धलेखन, सराव यातलं काहीच सोडलेलं नाही. ज्याला पाढे येत नाहीत त्याला २४ ची अकरा गणितं सुचणार तरी कशी? तासातली दहा मिनिटं ह्या कामाची, बाकी नेहमीचं. पूल वगैरे महिन्यातून एकदा.

‘आमच्या शाळेत हे शक्य नाही’ असं आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत नेहमी ऐकू येतं. अडचणी मला माहीत आहेत : ऑनलाइन माहित्या, सर्वेक्षणं, दोन वर्ग एका शिक्षकाकडे. पण शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटील यांनी १९८५ साली मुलांच्या सर्जनाला जागा देणारं सृजन आनंद विद्यालय सुरू केलं ते याच कोल्हापुरात, मराठी माध्यमात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सांगितले आहेत. ते दिवस भाषणांत न घालवता कुंभाराच्या अंगणात, गुऱ्हाळावर, उद्यमनगरातल्या एखाद्या लेथसमोर घालवता येतात. तिथंही ‘माहिती लिहून आणा’ नको. ‘इथलं एक काम सोपं करायचं तर काय बदलाल?’ एवढंच विचारा आणि उत्तर त्या कारागिरालाच सांगू द्या. गुऱ्हाळावरच्या गुळव्यानं आमच्या मुलांची एक सूचना मान्य केली आणि तीन सूचना का चालणार नाहीत ते काहिलीशेजारी उभं राहून समजावलं. ज्यांच्या सूचना चालणार नव्हत्या त्या तिघा मुलांइतकं लक्ष देऊन ऐकणारा वर्ग मला कधी मिळाला नाही.

कुठून सुरू करायचं

पहिला आठवडा : एकच विषय, दिवसाला एक बदललेला प्रश्न. फळ्यावर रेघ मारायची आणि पेरं मोजायची. दुसरं काही नाही. दुसऱ्या आठवड्यात वही उघडायची, दोन मुलं. तिसऱ्यात पूल. चौथ्यात तोच पूल पुन्हा.

पहिल्या दोन-तीन दिवसांत कुणीच बोलणार नाही, आणि जे बोलतील ते तुमच्या तोंडाकडे बघत ‘बाई, बरोबर हाय न्हवं?’ विचारतील. त्याला ‘तुला काय वाटतं?’ एवढंच म्हणायचं आणि पुढच्या बाकाकडे जायचं. माझ्या त्या वर्गात हा प्रश्न ऐकू यायचा थांबला तेव्हा दिवाळीची सुट्टी चार दिवसांवर होती. तारीख वहीत आहे, आणि खाली त्या दाव्याच्या मुलीचं वाक्य : ‘बाई, किल्ल्याला पुराचं पानी आलं तर मावळे कुटं ठेवायचे, त्ये काढलंय मी.’